मिठात काढलेले मासे

मासा जिवंतपणी रंगीत असू शकतो, हे मला मासेवाल्यांच्या घरात जन्मून चांगली मोठी होईस्तोवर ठाऊक नव्हतं. हसायचं तर हसा. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात मासा म्हणजे चिखलाच्या रंगाचा. बोय राखाडी, निवटी चिखलात लोळलेली, चिंबोऱ्या काळ्या. आई मुंबईच्या धक्क्यावरून आणायची त्या सुरमया नि पापलेटं चकचकीत असायची, पण ती मेलेली, बर्फात घातलेली, डोळे सताड उघडे. मेलेल्याचा रंग मात्र आम्हाला बरोबर कळायचा. कल्ला लाल आहे, गुलाबी आहे का तपकिरी पडलाय, हे बघूनच गिऱ्हाईक भाव करतं. त्या रंगांवर आमचं घर चालायचं.

आई म्हावरं बांधून द्यायला रद्दी आणायची. एकदा रद्दीवाल्यानं तिच्या गळ्यात इंग्रजी मासिकांचा गठ्ठा मारला. कागद गुळगुळीत, जाडजूड. त्यात पाणी मुरत नाही, बांगडा त्यात गुंडाळला की साबणासारखा सटकतो. आईनं रद्दीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि गठ्ठा माझ्या अंगावर टाकला. "चुलीत घाल," म्हणाली. मी घालणारच होते. पण वरचंच मासिक उघडलं गेलं आणि मी तिथंच ओट्यावर बसले.

पाण्याखालचे फोटो होते. कुठल्या देशातले कोण जाणे, मला इंग्रजी कुठं येत होतं! नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. निळा मासा, त्याच्या ओठांना पिवळा रंग. तळाशी जांभळे, गुलाबी दगड, फांद्या फुटलेले, पंख्यासारखे पसरलेले, एक तर बोकडाच्या भेज्यासारखा वळ्यावळ्यांचा. ते दगड नाहीत, जिवंत आहेत, हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की कुणीतरी मला आजवर फसवलंय. आम्ही दर्याचे लेक म्हणवतो, नारळी पुनवेला दर्याला नारळ देतो, नि हा असला दर्या कुणीच मला दाखवला नाही. मला राग आला. खरंच, पहिल्यांदा राग आला, आनंद नंतर.

मी पान आईसमोर धरलं. ती कोयत्यावर सुरमई कापत होती. मान तिरकी करून तिनं बघितलं.

"खातान का गो ती?"

"मला काय माहीत?"

"खात नाय तं दर्यात ठेवलीत कशाला?" म्हणाली आणि डोकं उडवलं. सुरमईचं.

त्या दिवसापासून माझा हात थांबेना. पाटीवर खडूनं, बर्फाच्या पेटीवर कोळशानं, दारात रांगोळीनं, मी तेच मासे काढायचे. बा शेजारी जाळं विणत बसलेला असायचा. त्याला दुसरं काम उरलंही नव्हतं फारसं. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलेलं, जाळ्यात माशापेक्षा घाण जास्त. कधी कधी जाळं लाल होऊन यायचं, कधी निळं. वर डोंबिवली-कल्याणकडे साड्या छापायचे कारखाने होते, तिथला रंग नाल्यातून खाडीत उतरायचा म्हणे. बा ते जाळं ओट्यावर टाकायचा आणि मला सांगायचा, "घे. तुला रंग पायजे होता ना." हा आमच्या घरातला विनोद.

फोटो बघून काढलेला मासा हलत नाही. मला हलणारा पाहिजे होता. तो नौपाड्यात मिळाला. आई एका डॉक्टरांच्या घरी म्हावरं पोचवायची. डॉक्टरांचा दवाखाना खाली, घर वर. डॉक्टरांना हौस फार. दवाखान्यात त्यांनी काचेची टाकी आणून ठेवली आणि तीत खाऱ्या पाण्यातले मासे सोडले, असेच पट्ट्यापट्ट्यांचे. कुठून आणले, देव जाणे. पण ते मासे खरेच तसे होते! नारिंगी, पांढरे, आणि हलत होते. बाकड्यावर खोकणारे पेशंट, नि त्यांच्या मध्ये फ्रॉक घातलेली मी, वही मांडीवर. डॉक्टरीणबाई जिन्यावरून वाकून बघायची, म्हणायची, "कोळणीची पोर चित्रं काढते बघा!" आणि तिच्या सुरात ते कौतुकच होतं, पण माकडाला कपडे घातल्यावर जे कौतुक होतं त्यातलं.

त्या टाकीत मासे टिकायचे नाहीत. खारं पाणी लागतं म्हणून डॉक्टरांनी आईला सांगितलं, "तू धक्क्यावर जातेसच, येताना कॅनभर समुद्राचं पाणी आण." आईनं आणलं. धक्क्याचं पाणी! त्यात होड्यांचं तेल, माशांची आतडी, माणसं करतात ते सगळं. डॉक्टर शिकलेले, त्यांनी ते टाकीत ओतलं. मासे दोन-चार दिवस कडेकडेनं फिरायचे, मग तिरके व्हायचे. एकाची शेपटी कुजायला लागली, खालची बाजू गळून गेली, उरली ती वरचीच अर्धी. तो तसाच पोहत होता, वाकडा, आणि मी तसाच काढला. मेला तेव्हा कंपाउंडरनं तो काढून मला दिला, "घे, घरी रस्सा कर" म्हणून. मी रुमालात घालून नेला. तासाभरात नारिंगीचा विटका विटकरी झाला आणि मग तोही गेला. मला वाईट वाटलं म्हणून सांगितलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं. मेलेला मासा हलत नाही, खवला न खवला काढता येतो. डॉक्टरांनी नवीन मासे आणले, तेही मेले. मी सगळे काढले.

आमच्या शाळेत चित्रकलेचे सर होते. राहायला डोंबिवलीला. तिथं त्यांचा रांगोळीचा वर्ग होता, ब्राह्मणांच्या मुलींनी भरलेला, आणि दर दिवाळीला एका हॉलमध्ये ते रांगोळ्यांचं प्रदर्शन भरवायचे. माझी वही बघून ते म्हणाले, "रविवारी ये." एवढंच. मी दर रविवारी गेले. सरांनी मला चिमूट धरायला शिकवलं. अंगठा नि तर्जनी जमिनीला न टेकवता रांगोळी सोडायची, हात नाही हलवायचा, मनगट हलवायचं. सावली कशी पाडायची, गालाचा गोलवा कसा उचलायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही. पण वर्गात शिरायच्या आधी मला दारात उभं करून ते म्हणायचे, "हात." मी दोन्ही हात पुढे करायचे. ते वाकून वास घ्यायचे. बाकीच्या मुली ओळीनं बसलेल्या, बघत. वास आला तर, "जा, लिंबू लावून ये." मी बाहेरच्या नळावर लिंबानं बोटं चोळायचे. पुन्हा दारात. "हात." काही रविवारी तीन-तीनदा. कापलेल्या बोटात लिंबू कसं झोंबतं ते मासे साफ करणाऱ्यांना विचारा.

मुली नाक दाबून हसायच्या. मीही मनातल्या मनात त्यांच्या रांगोळ्यांना नावं ठेवायचे. सगळ्या नववधू, सगळ्यांचे डोळे खाली, जणू काही पायात काटा गेलाय. माझं चुकलं की सर सगळ्यांना बोलावून दाखवायचे. बरोबर आलं की पुढे जायचे, एक शब्द नाही. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

मी अकरावी झाले तेव्हा आईचा गुडघा गेला. पाटी डोक्यावर घेऊन जिने चढायची तिची ताकद संपली. बाजारात बसायची जागा आमच्यात आईकडून लेकीकडे नाहीतर सासूकडून सुनेकडे येते. कागद नाही, पत्र नाही. जी बसते तिची. चार दिवस रिकामी राहिली की शेजारणीची पाटी सरकत सरकत येते आणि पाचव्या दिवशी तुम्ही कोण नि कुठल्या. भाऊ मला नव्हता, म्हणजे वहिनीही नव्हती. आई रोज गुडघ्याला तेल चोळायची आणि माझ्याकडे बघायची.

त्याच सुमाराला सरांनी सांगितलं की प्रदर्शनाला दरवर्षी पैसे देतात ते शेठ, डोंबिवलीच्या साडीच्या कारखान्याचे, या वेळी एका मुलीला डिझाइनच्या खोलीत घेणार. पगारी. आधी दोन मुली तशा लागल्या होत्या, एकीचं तर तिथं टेबल होतं, स्वतःचं. मला टेबल पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू, मला दुसरं काही नकोच होतं. कोरडं टेबल, ज्यावर मासा नाही, बर्फ नाही, कोयता नाही, आणि ज्यावर बसून मी मासे काढीन.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दिवालीपर्यंत मी कशी तरी बसतंय. घेतली तुना तं जा. नाय घेतली तं दिवाली झाल्यावर जागेवर येऊन बस. मंग रांगोलीचं नाव काढायचं नाय."

"घेतील."

"घेतील तं घेतील. बोलून ठेवलं मी."

आईचा शब्द म्हणजे शब्द. तिनं कुणाला उधार दिलं नाही नि कुणाचं घेतलं नाही. मी हो म्हणाले.

सरांना सांगितलं, मी समुद्राचा तळ काढणार. पोवळ्याची बेटं, मासे, सगळं. सर म्हणाले, "तू समुद्र पाहिलायस का? तू खाडीची. आणि हे बघायला कोण येणार? लोकांना देवी पाहिजे, नवरी पाहिजे." मी म्हटलं, मला तेच काढायचंय. त्यांनी मला कोपरा दिला, मागच्या दाराशी, संडासाच्या वाटेवर. म्हणजे नाही म्हणायची सभ्य पद्धत. मी तोही घेतला.

आता मिठाचं सांगते. रांगोळीचा दगड कितीही रंगवा, तो मुकाच असतो. उजेड पडला तरी उठत नाही. मला माशाच्या अंगावरचा उजेड पाहिजे होता. तो कुठं मिळतो ते मला माहीत होतं, रोज घरात बघत होते. आई बांगडे खारवायची, तेव्हा मिठाचे कण त्यांच्या पाठीवर चमकायचे. जाडं मीठ, मिठागरातलं, पोत्यानं घरात पडलेलं. मी ते पाट्यावर वाटलं, चाळलं, काही बारीक, काही कणीदार. शेठच्या कारखान्यातून सरांच्या वर्गाला रंग यायचे, साडीचेच, त्यातले मागून घेतले. मीठ ओलसर रंगात चोळून ओट्यावर ऊन दिलं. वाळल्यावर त्याची चिमूट सोडून बघितली. अगदी तोच उजेड! नारिंगी असा पेटला की बा जाळं टाकून उठून आला.

मीठ पाणी सोडतं हे कोळ्याच्या पोरीला ठाऊक नव्हतं म्हणता? चांगलं ठाऊक होतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाण्याखाली जातं. म्हणून तर मी हवेचा विचार केला. दिवाळीची हवा कोरडी, वारा असतो, खारवलेला मासा या दिवसांत दोरीवर खुळखुळतो. ओट्यावर मी एक मासा काढून दोन दिवस ठेवून बघितला, ठणठणीत. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ओट्याला वारा आहे. रांगोळीच्या हॉलला वारा नसतो. तिथं पंखे बंद, खिडक्या बंद, दारांना पडदे. नाहीतर रांगोळी उडते. हे मला सरांनी पहिल्या रविवारी शिकवलेलं. दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या आणि दोन्ही मी एकदाही शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

रांगोळी घालायला तीन दिवस लागले. उकिडवी बसून पाय मेले. पण झाली तेव्हा, देवाशपथ सांगते, संडासाच्या वाटेवर समुद्र होता. तळाशी जांभळी, गुलाबी पोवळी, कणीदार मिठाची, खरी खरखरीत. वर निळं पाणी, इतकं पातळ चाळलेलं की खालची फरशी उजेडासारखी दिसत होती. आणि मासे. मधोमध माझा तो मासा, डॉक्टरांच्या टाकीतला, अर्ध्या शेपटीचा. त्याला पुरी शेपटी मी काढू शकले असते. काढली नाही. तो तसाच पोहत होता, म्हणून तसाच. सर आले, उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "शेपटी चुकली." आणि गेले.

सकाळी दारं उघडली आणि माणसांची रीघ लागली. नवरीपुढे "अय्या, किती गोड" म्हणणारे लोक माझ्या कोपऱ्याशी येऊन गप्प व्हायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, ते गप्प होणं. एक आजोबा संडासाला निघालेले, तिथंच थांबले आणि कशाला आलो होतो ते विसरून परत गेले. मी दोरीच्या आत स्टुलावर बसून होते. मला वाटलं, झालं. टेबल माझं.

दुपारी गर्दी वाढली. बंद हॉल, पंखे बंद, शेकडो माणसांचा घाम नि श्वास. भिंती ओल्या लागत होत्या हाताला. मी बघितलं तर अर्ध्या शेपटीची कड काळपट झालेली. मला वाटलं, सावली. वाकून बघितलं. सावली नव्हती. कण एकमेकांना चिकटले होते. मग निळ्यात एक डाग, पैशाएवढा, मग तो पसरला. नारिंगी पांढऱ्यात उतरायला लागला. फरशीला जरासा उतार असेल, सगळे रंग एकाच बाजूला निघाले, दाराकडे.

मी धावत सरांकडे गेले. "सर, माझ्यावरचा एक पंखा लावा. एकच. नाहीतर मागची खिडकी उघडा."

"पंखा? डोकं फिरलंय का तुझं?"

"मिठाला पाणी सुटतंय सर. शेठ यायच्या आत जाईल सगळं."

सरांनी येऊन बघितलं. "मिठात काढ असं मी सांगितलेलं?"

"नाही सर."

"तुझ्या एका माशासाठी बाकीच्यांच्या रांगोळ्या उडवू? त्यांनी मेहनत नाही केली?" आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "घरचा धंदा घरी ठेवायचा असतो."

त्यांचं पहिलं बोलणं बरोबर होतं, हाच तर त्रास. पंख्याचं बटण मागच्या दाराशीच होतं, माझ्या हाताच्या अंतरावर. सर पुढे गेल्यावर मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं असतं तर माझा समुद्र वाचला असता आणि अख्ख्या हॉलभर नववधूंची नाकं उडाली असती. त्या पोरींची मला दया आली असं समजू नका. नाकं उडाली असती तर मी पोट धरून हसले असते. मला सरांची भीती वाटली. इतके रविवार हात पुढे करून उभी राहिलेली मी, माझा हात त्यांना विचारल्याशिवाय हललाच नाही. बोट तसंच ठेवून मी उभी राहिले आणि रंग दाराकडे जाताना बघत राहिले.

शेठ संध्याकाळी आले. पांढरे कपडे, मागे चार माणसं, एकाच्या गळ्यात कॅमेरा. सर त्यांना एकेक दाखवत आले. माझ्यापाशी शेठ थांबले. "ये क्या हुआ? पानी गिरा क्या?"

"नवखी मुलगी आहे," सर म्हणाले. "मिठात काढलंय."

"नमक?" शेठनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "कुठली आहे?"

"ठाण्याची. कोळीवाड्यातली."

"हां! फिर ठीक है. मछली है तो नमक तो लगेगा ही!"

सगळे हसले. सरसुद्धा. मी सरांना पहिल्यांदा मोकळेपणी हसताना बघितलं ते त्या दिवशी. शेठ पुढे गेले, मग वळले आणि कॅमेरावाल्याला काहीतरी सांगितलं. इतरांचा एकेक फोटो काढला होता. माझ्या रांगोळीसाठी तो टेबल ओढून वर चढला आणि काढतच राहिला, वरून, बाजूनं, शेपटीजवळून. मला आशा वाटली. कोल्हा काकडीला राजी, तशी मी फोटोला राजी. सरांना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांचेच काढतात." थोड्या वेळानं माइकवरून नाव पुकारलं. नौपाड्यातल्या एका नवरीचं, म्हणजे नवरी काढणारीचं. टाळ्या झाल्या.

हॉल रिकामा झाल्यावर सर म्हणाले, "फरशीला डाग पडला तर भुर्दंड मला. आत्ताच्या आत्ता पूस." बाकीच्या रांगोळ्या दुसऱ्या दिवशी हातानं गोळा करून पाण्यात सोडायच्या होत्या, रांगोळीला केरसुणी लावत नाहीत. माझ्यासाठी फिनेल आणि पोतेरं आलं. मी गुडघ्यांवर बसून पोवळी खरवडली, मासे बादलीत पिळले. नारिंगी काही निघेना. मी घासत होते तेव्हा दारात आई उभी. तो गुडघा घेऊन ती ठाण्याहून आलेली, हॉलचा जिना चढून, नवं लुगडं नेसून, केसात फूल. लेकीचा दर्या बघायला.

"कुठं हाय तुझा दर्या?" तिनं विचारलं.

मी बादली दाखवली. आईनं वाकून आत बघितलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"भाऊबीज झाली का सकाली लवकर ऊठ," म्हणाली. बस. रडली नाही, ओरडली नाही, जवळ घेतलं नाही. पोतेरं माझ्या हातातून घेतलं आणि उरलेली फरशी तिनं पुसली. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की बादली तिच्या अंगावर ओतावीशी वाटली.

भाऊबीज झाल्यावर मी जागेवर बसले. माझे हात कोपरापर्यंत रंगलेले, साडीचा पक्का रंग, साबणानं काय जातो! गिऱ्हाईक यायचं, बांगडा उचलून कल्ला बघायचं, लाल दिसला की माझ्या हातांकडे बघायचं. "रंग लावतेस का गं माशाला?" म्हणायचं आणि शेजारणीकडे जायचं. पहिले दोन दिवस पाटी तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी आईनं ओट्यावर बसवून माझे हात रॉकेलनं घासले, मग राखेनं, मग पुन्हा रॉकेलनं, कातडी सोलवटेपर्यंत. मी बोंबलले. ती म्हणाली, "ओरडू नको. रंग गेला का धंदा होतो." रंग गेला. धंदा झाला.

लोक विचारतात, मग रांगोळी? सोडली. दारात पांढरी दोन बोटं ओढते सणाला, तेवढी. लिहायला लागले ते फार पुढे, ते वेगळं. शब्द दिला होता, पाळला. सरांना मी परत भेटले नाही, ते वारले तेव्हा गेले नाही, आणि जायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

दोन-तीन वर्षं गेली असतील. माझा हात बसला होता, कोयत्यावर बघता बघता मासा साफ. आई मागे स्टुलावर बसायची, गुडघा लांब करून, गिऱ्हाईक ओळखायला. एका सकाळी डॉक्टरीणबाई आली. टाकी कधीच काढून टाकली होती त्यांनी, आता तिथं पेशंटसाठी टीव्ही होता. बाई माझ्या पाटीसमोर उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिच्या निऱ्या आल्या.

निळी साडी, सिंथेटिक, नवी कोरी. तळाशी काठावर जांभळी, गुलाबी पोवळी. वर मासे, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि प्रत्येक माशाचा रंग एका बाजूला ओघळलेला, सगळ्यांचा एकाच बाजूला. मी मान वर केली. पदरावर मोठा मासा होता. अर्ध्या शेपटीचा.

मी हात पुसायचेही विसरले. पदर धरला आणि जवळ ओढला.

"ए, ए! हात! हात लावू नको बाई, वास जात नाही गं!" बाईनं पदर हिसकला. मग जरा सावरून हसली. "आवडली ना? आता हीच फॅशन आहे. दुकानात उभी राहून घेतली, इतकी ओढाताण. बघ, तू आमच्या टाकीतले काढायचीस ना, अगदी तसेच आहेत."

"तेच आहेत बाई," मी म्हटलं. "शेपटी बघा. तुमच्याच टाकीत कुजलेली. मी काढलेला तो. डोंबिवलीला, मिठात."

बाईनं पदर बघितला, मग मला. मग अशी हसली की पलीकडच्या दोघी वळल्या. "काहीतरीच तुझं! अगं कारखान्याची डिझाइन आहे ही, तिथं मोठमोठे आर्टिस्ट बसवलेले असतात. पण खरं सांगू? तूही काढलं असतंस. हात चांगला होता तुझा. पण तुम्हा लोकांना धंदा सोडवत नाही, हेच तुमचं वाईट."

माझ्या हातात कोयत्याची मूठ आली होती. मी आईकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाईच्या पदराकडे बघत होती, त्या माशाकडे, आणि मला दिसलं की तिनं तो ओळखला. घरात, पाटीवर, बर्फाच्या पेटीवर, किती वर्षं तिनं तीच शेपटी बघितली होती. मला वाटलं आता आई उठेल. आमची आई उठली की अख्खा बाजार उठतो. मी वाट बघितली.

"गिऱ्हाईक हाय," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. "कापून दे."

बाईनं बांगडे निवडले, कल्ले उघडून बघितले, भावावरून घासाघीस केली. मी शेवटी ती म्हणाली त्या भावात दिले. पाट घेतला, कोयता पायाखाली धरला, पहिला बांगडा उचलला.

"शेपटी ठेवू का काढू, बाई?"

"काढ गं," बाई म्हणाली, निऱ्या वर धरून, दोन पावलं मागे सरकून. "शेपटी कोण खातं?"